वहिनी, हवालदाराला काय घालू?

वहिनी, तू गेलीस त्या दिवसापासून हवालदाराने खाणं सोडलं. अंगणात भाड्याच्या खुर्च्या, पडवीत मुंबईहून आलेल्यांच्या बॅगा, आत बायकांची रीघ, आणि तुझा हा कोंबडा माडाच्या बुंध्याशी पाठ फिरवून उभा. पहिले दोन दिवस कोणाचं लक्ष गेलं नाही. कोंबड्या गर्दीला बिचकून मागच्या परसात गेल्या होत्या. तिसऱ्या दिवशी मी त्याच्यापुढे मूठभर कणी टाकली. त्याने मान तिरकी करून ती पाहिली आणि एकेक पाय उचलत पलीकडे निघून गेला.

बघा, मुक्या जिवालाही कळतं, असं कोणीतरी म्हणालंच. मला तसलं काही लिहायचं नाही. तुलाही असलं बोलणं खपायचं नाही. कोणी तुझ्या कोंबड्यांचं फार कौतुक करायला लागलं की तू त्याच्या हातात झाडू देऊन खुराडं लोटायला सांगायचीस. मी हातखंबा तिठ्यावर पशुखाद्याच्या दुकानात बसते, त्याला आठ वर्षं झाली. कोंबडा खात नाही म्हटल्यावर तो दुःखात आहे का हे मी बघत नाही, त्याच्या पुढ्यात काय ठेवलंय ते बघते. आणि तुझ्या कोंबड्यांच्या पुढ्यात एकदा काय ठेवलं गेलं होतं, ते माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नाही, असं मी गेल्या मंगळवारपर्यंत धरून चालले होते.

हवालदार, मास्तर आणि गुलाब्या. गेल्या वर्षी शिमग्याच्या आसपास फुटलेल्या अंड्यांतले हे तिघे. त्यांच्या आईला मुंगसाने नेलं तेव्हा तू पिल्लं टोपलीत घालून चुलीशेजारी ठेवलीस आणि दोन महिने स्वयंपाकघरात मला पाय टाकायला जागा उरली नाही. पिल्लांतले तीन कोंबडे निघाले आणि तू तिन्ही ठेवलेस. वाडीत एवढे कोंबडे कोणी ठेवत नाही. एक ठेवतात, बाकीचे पाहुणा आला की जातात. हे तिघे काय अंडी देणार आहेत, असं मी तुला विचारलं होतं. तू भाकरी थापता थापता म्हणालीस, "घरात दोन बायका आनि एक म्हातारा. पाटे कोंबडा आरवला की कोन बाप्या मानूस उटल्यासारका वाटता." मी हसत सुटले. माझा नवरा मुंबईत, तुझा लेक महेश मुंबईत, आणि तुझे मालक, मोठे भावजी, गिरणीतून सुटून गावी आले होते खरे, पण ते उठायचे आठ वाजता.

एकोणीस वर्षं आपण दोघी जावा एका चुलीवर रांधत होतो. आपलं कधी दागिन्यांवरून वाजलं नाही, जमिनीवरून नाही, नवऱ्यांवरून तर नाहीच. वाजायचं ते कोंबड्यांच्या खाण्यावरून. तुझं ठरलेलं होतं. सकाळी कणी आणि रात्री भिजत घातलेली नाचणी, दुपारी शेवग्याचा पाला, कधी सड्यावरून, वरच्या कातळावरून, फोडून आणलेलं वाळवीचं ढेकूळ. भाजून कुटलेल्या शिंपल्या एका पत्र्याच्या डब्यात अलग. तो डबा तू खाण्यात कधी मिसळू दिला नाहीस. मला ते सगळं अडाणीपणाचं वाटायचं. मी बारावी झालेली, गोणीवरची बारीक अक्षरं वाचणारी. प्रोटीन किती, कॅल्शियम किती, सगळं छापलेलं असतं, शिकलेली माणसं बसून ठरवतात, असं मी तुला ऐकवायची. तू एकदा शांतपणे विचारलंस, "त्या मानसांनी आमच्या हवालदाराला बगितलान हाय काय?"

मी त्या दिवशी जेवताना तुझ्याशी बोलले नव्हते. आता लाज वाटते.

त्याच वर्षी पावसाच्या तोंडाला तू महेशच्या बायकोच्या बाळंतपणाला मुंबईला गेलीस. चार महिने. जाताना एस.टी.च्या पायरीवरूनसुद्धा मला सांगत होतीस. "शिपीचा डबा अलग ठेव गो नली. कोंबडीला लागंल तेवा ती टोचील. कोंबडा तोंड लावायचा नाय, त्येला नको आसता." कंडक्टर घंटी मारून थकला. मी मान हलवत होते आणि मनात म्हणत होते, एकदाची जा बाई.

दुकानात गाडी उतरवताना गोणी फाटतात. फाटकी गोण मालक कामाच्या माणसांना नेऊ देतो. सगळ्यात जास्त येतं ते लेयर, म्हणून फाटतंही तेच. लेयर म्हणजे अंड्यावरच्या कोंबडीचं खाद्य. लावणीचे दिवस, सकाळची गाडी पकडायची, रात्री नाचणी भिजत घालायची आठवण कोणाला राहणार. मी घरी आणलेल्या गोणीतून डबाभर काढायची आणि अंगणात ओतायची, कोंबडे, कोंबड्या सगळ्यांना एकत्र. पंधरा दिवसांत अंडी वाढली. मला वाटलं, भांडण मी जिंकले. तू फोनवर विचारायचीस, काय घालतस त्यांना. मी म्हणायची, तू सांगितलंस तेच.

नवरात्राच्या आधी तू आलीस, पिशवी पडवीत ठेवलीस आणि चहाच्या आधी अंगणात गेलीस. मास्तर तुझ्याकडे धावत आला नाही. तो बसून होता. गुलाब्या उठला, पण चटका बसल्यासारखे पाय टाकत चालला. दोघांच्याही पायांचे सांधे सुजले होते, विष्ठा पांढरी पाण्यासारखी, आणि पाणी मात्र सारखं प्यायचे. हवालदार तेवढा धड होता. तो पहिल्यापासून भटक्या, माझ्या डब्याला फारसं तोंड न लावता दिवसभर शेताच्या बांधावर असायचा. तू माझ्याकडे बघितलंस. मी म्हटलं, पावसाने झालं असेल.

मास्तर दिवाळीनंतर गेला. गुलाब्या आजारी असतानाच मी त्याला तुझ्या नकळत पिशवीत घालून गुरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी पाय दाबून पाहिले, काय खायला घालता ते विचारलं, आणि मी सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला पिशवीत शिरावंसं वाटलं. लेयरमध्ये अंड्याच्या कवचासाठी चुना भरपूर असतो, ते म्हणाले; कोंबडीच्या अंगातून तो अंड्यावाटे जातो, कोंबड्याने तो कुठे घालवायचा? वाढत्या वयात महिनोन्‌महिने खाल्ला तर मूत्रपिंडं कामातून जातात. सगळे एकत्र असतील तर ग्रोअर, म्हणजे वाढत्या पिल्लांचं खाद्य, घाला किंवा दाणा घाला, आणि शिंपल्या अलग ठेवा, कोंबडीला पाहिजे तेवढ्या ती खाते. शब्द न् शब्द तुझा. फक्त तो पांढऱ्या कोटातून आला, म्हणून मी ऐकला.

"तुम्ही कुठे काम करता?" असं त्यांनी सहज विचारलं. मी शेतावर म्हणून सांगितलं.

घरी आले तेव्हा तू दारातच होतीस. पिशवी बघितलीस. मी म्हटलं, डॉक्टर म्हणाले साथ आहे. तू गुलाब्याला माझ्या हातातून घेतलंस, एवढंच म्हणालीस, "साथ आसंल." तो आठवड्याने गेला. त्यानंतर दुकानात कोंबडीखाद्य मागायला कोणीही आलं की मी आधी विचारते, कोंबड्या किती आणि कोंबडे किती. लोक चेष्टा करतात, म्हणतात ही बाई रेशनकार्डावर कोंबड्यांची नावं घालणार. मी त्यांना हसू देते आणि लेयरची गोण आत सरकवून ग्रोअरची बाहेर काढते. हे तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर का, हे पण सांगावं लागलं असतं.

आता राखणीचं. भात घरात आलं की बागेच्या कोपऱ्यातल्या धोंड्यापाशी राखणदाराला कोंबडा द्यायचा, ही आपल्या घरची चाल. जागा तो राखतो, वर्षाचा त्याचा मान. गेल्या वर्षी धड कोंबडा एकच होता, हवालदार. तू भावजींना स्पष्ट सांगितलंस की यंदा नारळ द्यायचा. तुझ्या तोंडून असं काही कोणी ऐकलं नव्हतं. भावजी कुरकुरले आणि नारळ घेऊन गेले. त्यानंतर महिन्याभरात मास्तर आणि गुलाब्या गेले, आणि वाडीत बोललं जाऊ लागलं की नारळावर भागवलं म्हणून राखणदाराने आपले आपण नेले. मी ते विहिरीवर ऐकलं, दळणाच्या गिरणीत ऐकलं. खरं काय ते ठाऊक असलेली मी हंडा उचलून घरी आले.

वर्ष गेलं. पुन्हा भात घरात आलं, आणि राखणीच्या आधी तू गेलीस.

दहाव्याला पिंड ठेवला आणि आम्ही मागे सरलो, तोवर कावळा शिवलासुद्धा. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. काही राहिलं नव्हतं हो बाईचं, असं कोणी म्हणालं. मला राग आला, वहिनी. एकोणीस वर्षांत माझ्याकडे तुझं काहीच राहिलं नव्हतं? मी पदर तोंडाशी धरून उभी होते आणि लोकांना वाटलं मी रडतेय.

तेराव्याला जेवणं आटपली आणि महेशने विषय काढला. बुधवारी राखण द्यायची आणि गुरुवारी तो मुंबईला परत जाणार. कोंबडा हाच, आईने रोखून ठेवलेला. आजारी कोंबडा राखणीला चालत नाही, म्हणून त्याने माझ्याकडे वळून सांगितलं, "काकी, तू खाद्याच्या दुकानात आहेस. बुधवारपर्यंत याला नीट उभा कर." तो वाईट मुलगा नाही, तुला सांगायला नको. तिकडे त्याच्या पोराला आठ दिवस ताप येऊन-जाऊन होता. आधी दोन कोंबडे, मग आई, आता पोर, अशी साखळी त्याच्या डोक्यात बसली होती आणि तो ती दिवसातून दहा वेळा मोजत असावा. मी हो म्हटलं.

मी हवालदाराला आधीच झापाखाली, मोठ्या पालथ्या टोपलीखाली, कोंडला होता. दिवसकार्याचं घर, पाहुण्यांची पोरं फरसाण टाकतात, कोणी पत्रावळीतला भात टाकतं. पुन्हा काही नको ते त्याच्या पोटात जाऊ नये म्हणून माझ्या डोळ्यांसमोर पडवीत ठेवला. दुकानातून ग्रोअरचे दाणे आणले. मक्याचा भरडा घातला. नाचणी भिजवली, शेवग्याचा पाला बारीक चिरला, बिनमिठाचा जवळा मिळवला, सड्यावर जाऊन वाळवीचं ढेकूळ फोडून आणलं आणि हात चावून घेतला. तो दोन दाणे टिपायचा, जगण्यापुरते, आणि थांबायचा. तुरा फिका पडत चालला. आणि मी त्या झापासमोर बसून काय करत होते, ते तुला सांगते. हा खाईना म्हणून मी रडकुंडीला यायची, आणि दुसऱ्या क्षणी मनात यायचं, खाऊ नको रे बाबा, खाल्लंस तर बुधवारी मरशील. न खाता मेला तर ते माझ्याच हातून. खाऊन मेला तर तेही माझ्याच हातून.

मी आणखीही विचार केला. लेयरची गोण दुकानात होतीच. पण त्याला महिने लागतात. असा हिशोब मी केला, वहिनी. तुझ्या कोंबड्याला वाचवण्यासाठी त्याला आजारी पाडायचा.

रविवारी तुझी काळी कोंबडी हिंडत पडवीत आली. हवालदार झापाच्या आत उभा राहिला. त्याने ग्रोअरचा एक दाणा चोचीत उचलला, कुट कुट करत टाकला, पुन्हा उचलला, पुन्हा टाकला, झापाच्या फटीशी. कोंबडीला तो पोचेना. मी किती वेळ बघत होते कोण जाणे. मग मी झाप उचलला. तो दाण्यांपाशीच उभा राहून हाका मारत राहिला, मागच्या दारातून आणखी दोन कोंबड्या धावत आल्या, तिघी खायला लागल्या, आणि त्या खातायत हे बघून झाल्यावर त्याने मान खाली घातली आणि भराभर खाल्लं. आठ वर्षं मी गोणीवरची अक्षरं वाचली, आणि कोंबडा एकटा जेवत नाही हे मला ठाऊक नव्हतं. तू कधीतरी सांगितलं असशील. मी ऐकलं नसेल.

सोमवारी सकाळी तो आरवला. महेश दात घासता घासता अंगणात आला आणि खूश होऊन म्हणाला की काकी, जमवलंस. त्या दिवशी दुकानात मी दोघांना चुकीचं खाद्य दिलं आणि रस्त्यापर्यंत धावत जाऊन परत आणलं.

मंगळवारी तिन्हीसांजेला आम्ही तिघेच पडवीत होतो. माझे हे तेरावं करून आदल्याच दिवशी मुंबईला परत गेले होते. महेशने गावच्या मानकऱ्याला, गावकरांना, निरोप धाडला होता, सकाळी राखणदारापुढे गाऱ्हाणं घालायला या म्हणून. भावजी भिंतीला टेकून सुपारी कातरत होते. तू गेल्यापासून ते कोणाशी दोन शब्दांच्या वर बोलले नव्हते. महेश फोनवर बायकोला सांगत होता की उद्या सगळं मिटेल, पोराला काही होणार नाही. त्याने फोन ठेवला आणि मी म्हटलं, "महेश, ते दोन कोंबडे राखणदाराने नेले नाहीत. ते मी मारले."

त्याला वाटलं मी दमलेय. मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. फाटकी गोण, चार महिने, फोनवर तुझ्याशी बोललेलं खोटं, दवाखाना, साथ. मी सांगितलं की तुझ्या आईने नारळ दिला यात तिचं काही चुकलं नाही, त्याच्या आधीच ते दोघे माझ्या हातून मरणाच्या वाटेला लागले होते. महेशचा चेहरा एवढासा झाला. तो म्हणाला, "म्हणजे वर्षभर लोक आईला बोलत होते आणि तू ऐकत होतीस?"

मी हो म्हटलं.

तेव्हा भावजींनी अडकित्ता खाली ठेवला. "तिला ठावा होता," ते म्हणाले.

मी त्यांच्याकडे वळले.

"मास्तर मेला तेवा तिनं फाडून बगितलान. आत सगला पांडरा, चुना सारवल्यासारका. मला बोलली, ह्या नलीच्या गोनीचा काम. आनि बोलली, कुनाला सांगू नका. ती दुकानात बसते, लोकांना खाद्य देते. तिचा शबूद गेला तर तिला कोन इचारील?"

"मग ते राखणदाराचं कोणी उठवलं?" महेशने विचारलं.

"तिनंच. लोक खोदून खोदून इचारायला लागले, तर तिनंच सांगितलान, मी नारलावर भागवला म्हनून नेले आसतील. माज्यावर येऊ दे, बोलली. माजा काय जाता."

वहिनी, मी खाली बसले. एक वर्ष तू माझ्यासोबत त्याच ताटल्यांत जेवलीस. माझं झाकायला मी तुला ऐकवत होते, अजून नाचणीच घालतेस का, जग कुठे गेलं. आणि तू ऐकून घेत होतीस. गुलाब्याला माझ्या हातातून घेतलंस तेव्हा तुला सगळं कळलेलं होतं, आणि तू म्हणालीस साथ असेल. मी तिथे पडवीत तुझ्यावर इतकी चिडले की मला रडूही येईना. तू मला ओरडली असतीस तर मी उलट बोलले असते, दोन दिवस अबोला धरला असता, मग संपलं असतं. तू मला काहीच करायला ठेवलं नाहीस. तुझं नाव वाडीने नासवलं, आणि ते तू माझ्यासाठी नासवू दिलंस, आणि मला साधं कळूही दिलं नाहीस.

महेश उठून माझ्यासमोर आला. मला वाटलं तो आता मला घरातून जा म्हणेल. तो म्हणाला, "मग आई कशाने गेली, काकी?"

डॉक्टरांनी सांगितलं होतं ते त्याला पाठ होतं, माझ्यापेक्षा जास्त. तो ते विचारत नव्हता. त्याच्याजवळ एक कारण होतं, कडू का होईना, बुधवारी फेडून टाकता येईल असं. ते मी काढून घेतलं होतं आणि त्याजागी द्यायला माझ्याजवळ काही नव्हतं. भावजींकडेही नव्हतं. तो तिथेच बसून लहान पोरासारखा रडला, तू गेल्यानंतर पहिल्यांदाच, आणि त्याच्या पाठीवर हात ठेवायचं धाडस मला झालं नाही. भावजींनी ठेवला.

बुधवारी राखणदाराला नारळ दिला. महेशनेच वाढवला. त्याने कोंबड्याचं नाव काढलं नाही आणि मीही नाही. गावकरांनी नेहमीसारखं गाऱ्हाणं घातलं, ह्या लेकरांच्या हातून कळत नकळत काय चुकला-माकला आसंल तर ता पोटात घाल, आणि सगळे व्हय म्हाराजा म्हणाले. माझ्या तोंडून ते निघालं नाही. राखणदाराचं मी काही केलं नव्हतं.

गुरुवारी महेश गेला. पोराचा ताप उतरल्याचा फोन त्याला सकाळीच आला होता. निघताना तो येतो म्हणाला, पण ते पडवीला म्हणाला की मला, हे मला कळलं नाही. वाडीत आता सगळ्यांना ठाऊक झालंय. मी स्वतःच विहिरीवर सांगितलं, तुझं नाव जिथे घेतलं जात होतं त्या प्रत्येक ठिकाणी. शुक्रवारी दुकानात आपल्याच वाडीतल्या एकाने चारचौघांत विचारलं की तुमच्या गोणीनेच कोंबडे मेले ना. मी हो म्हटलं, आणि त्याच्याकडे कोंबडे किती ते विचारलं. तो काही न घेता गेला. मालकाने ते ऐकलंय.

हवालदार नीट खातो. सकाळी नाचणी आणि कणी, वर थोडं ग्रोअर, कारण सगळंच तुझं खरं मानायला मी अजून तयार नाही. शिंपल्यांचा डबा अलग आहे.

गेले आठ दिवस मी मनात तुझ्याशी एकच भांडतेय. तू मला एकदा सरळ विचारायला हवं होतंस. विचारलं असतंस तर मी त्याच क्षणी कबूल केलं असतं, असं मी या कागदावर लिहिलंही होतं. ते खोडलं. मी कबूल केलं नसतं, वहिनी. मी तुझ्या डोळ्यांत बघून पुन्हा साथीचंच सांगितलं असतं, आणि तुला ते ठाऊक होतं.